बंदुकीची ओटी

बंदूक वाजली नाही. नुसतं ‘टक्’ झालं. भायांनी तिचा दस्ता पायाशी मातीत टेकवला, खाली वाकले आणि नळीच्या तोंडाला डोळा लावला.

भाया म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, गावचे पोलीस पाटील. मी कवाडाच्या फळीमागं उभी होते. तोवर त्यांच्यासमोर मी एक शब्द बोलले नव्हते. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं भायाशी बोलायची पद्धतच नव्हती. पण नळीत काय आहे ते सगळ्या गावात मला एकटीला ठाऊक होतं. ते मीच घातलं होतं. तरी मी फळीमागंच राहिले.

भायांना वाचवलं ते जमादारचाचांनी. ते अंगणाच्या कडेला दगडावर बसले होते. साठीच्या पुढचे, निजामाच्या फौजेतून पेन्शन घेऊन आलेले. एरवी उठताना दोनदा ‘या अल्ला’ म्हणायचे. त्या दिवशी एकदाही म्हणाले नाहीत. डाव्या हाताचा पंजा त्यांनी भायांच्या कपाळावर असा दिला की पाटील बुडावर बसले आणि पटका घरंगळत गेला. उजव्या हातानं त्यांनी नळी पडायच्या आत मधोमध धरली आणि तिचं तोंड उकिरड्याकडं फिरवलं.

“मुंडी हटाव! समद्यांनी मागं व्हा! उकिरड्याकडं कुनी जायचं न्हाई!”

लोक हसले. दसऱ्याचा दिवस, गाव नवे कपडे घालून जमलेलं आणि पाटील धुळीत बसलेले. हसणारच. मी हसले नाही.

बंदूक चार दिवसांपूर्वी परभणीहून आली होती. ठासणीची होती. तिच्यात तोंडाकडून दारू घालायची, वर चिंधी, मग छर्रे, परत चिंधी, आणि गजानं ठासायचं. मागं घोड्याखाली एक बारकी पोकळ चोच असते, तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की ठिणगी चोचीतून आत जाते आणि दारू पेटते. हे सगळं मी पुढं शिकले. तेव्हा मला एवढंच दिसलं की घरात एक लांब, काळी, तेल लावलेली वस्तू आली आहे आणि भाया तिला कुणालाही हात लावू देत नाहीत.

घ्यायचं कारण रानडुकरं. गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, आमच्या रानात ज्वारी कणसावर आली की डुकरं कळपानं उतरायची आणि खायची कमी, आडवी जास्त करायची. त्या काळी साध्या कुळाला बंदुकीचा परवाना कुणी देत नव्हतं. भाया पाटील होते म्हणून मिळाला. परवाना उर्दूत होता. भायांना उर्दू धड येत नव्हतं, म्हणून तो चाचांकडून तीनदा वाचून घेतला. पण बंदूक मात्र चाचांना दाखवली नाही. चाचांनी विचारलं होतं, “एकदा नळी बगू का?” भाया म्हणाले, “नवीकोरी हाय चाचा. नव्या वस्तूत काय बगायचं?”

चाचा हसून गप्प बसले. त्यांचा स्वभावच तो. विचारलं तर सांगायचे, नाही विचारलं तर दगडावर बसायचे. एकटे होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. कपडे स्वतः धुवायचे, स्वतः शिवायचे. डाव्या कानानं ठार बहिरे. कुणी त्या बाजूनं बोललं की म्हणायचे, “इकडून बोला, तो कान फौजेत जमा केलाय.”

खंडेनवमीला आमच्याकडं शस्त्रं पुजतात. कोयते, विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ सगळं धुऊन देवघरासमोर मांडायचं. त्या वर्षी मधोमध बंदूक. भायांनी सकाळीच ती भरून ठेवली होती, फक्त टोपी लावायची बाकी. म्हणाले, “रिकामं शस्त्र पुजू न्हाई.” हे त्यांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. माझ्या माहेरी असं काही नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी सासूबाईंनी मला हाक मारली. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. “बंदुकीची ओटी भर,” म्हणाल्या. “नवरात्रात हत्यार म्हंजे देवीच. पहिल्यांदा घरात आली, तशी कशी ठिवायची? देवीची जशी भरतीस, तशी भर.”

आत्याबाई विधवा. विधवेनं देवीच्या ओटीला हात लावायचा नाही, जवळ उभंही राहायचं नाही. थोरल्या जाऊबाई पहिल्या बाळंतपणाला राणीसावरगावला माहेरी गेलेल्या, आणि माझा नवरा त्यांच्याकडं सणाचं सामान घेऊन गेलेला. घरात सवाष्ण अशी मी एकटीच. सासरी येऊन तीन महिने झालेले, वय पंधरा. आत्याबाई ताट माझ्या हातात देऊन मागच्या परसात निघून गेल्या. देवघरात मी, कोयते आणि बंदूक.

ताटात खण, गहू, हळकुंड, सुपारी, खारीक. आमच्याकडं तांदूळ पिकत नाही, ओटीला गहूच. मी हळदकुंकू लावलं, नळीला खण गुंडाळला. आता ओटी. देवीच्या मूर्तीला पदर असतो, मांडी असते. हिला काहीच नव्हतं. पुढं ठेवून द्यावं हे मला सुचलं नाही. मला वाटलं, भरायची म्हणजे आत गेली पाहिजे. भिंतीला टेकवलेल्या नळीचं तोंड वर होतं. मूठभर गहू मी पाच वेळा करून आत सोडले. हळकुंड सरकन गेलं. खारीक बोटानं ढकलली. सुपारी जाईना, मग अडकित्त्यानं फोडून चार खांडं केली आणि एकेक सोडलं. शेवटी देवीचे पाय धुतात म्हणून पळीभर पाणी. मग नमस्कार केला. काम नीट झालं म्हणून मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

आमच्या गावात सीमोल्लंघन सकाळीच व्हायचं; दसऱ्याला तिकडं निघायच्या आधी भाया अंगणात बार काढणार होते. टोपी लावली, नळी आभाळाकडं केली, चाप ओढला. टक्.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं की ज्या वाटेनं गोळी बाहेर यायची, ती वाट मी बुजवली आहे.

भाया उठले, पटका झटकला. कान लाल झाले होते.

“चाचा, सोडा ती. टोपी सर्द झाली आसंल, दुसरी लावतो.”

“थांब.”

“बंदूक माझी हाय. लायसन माझ्या नावाचं हाय.”

“लायसन तुज्या नावाचं, मौत बी तुज्याच नावाची यील. थांब म्हन्लं ना. आत आग निजलेली आसती पाटील. कवा दहा श्वासांनी जागी हुती, कवा पन्नास.”

“किती थांबायचं?”

“येक पान खाऊन हुईस्तवर.” चाचांचे दोन्ही हात बंदुकीला. ते लोकांकडं वळून म्हणाले, “कुनाकडं पान हाय का रे? तोंडात घाला माज्या.”

एकानं पुढं होऊन पान त्यांच्या तोंडात घातलं. लोक परत हसले. चाचा नळी उकिरड्यावर रोखून चघळायला लागले. घाई नाही, राग नाही. पाटील बाजूला फेऱ्या मारायलेत, गाव खिदळायलंय आणि हा माणूस पान खातोय.

“मग?” भाया म्हणाले. “पान झाल्यावर?”

“मग चोच सुईनं साफ करायची, कोरडी दारू चिमूटभर चोचीतून सोडायची, नवी टोपी लावायची अन् उडवायची. दारू वली झाली आसंल तर तेवढ्यानं पेटती.”

भायांनी लगेच सुई आणायला माणूस धाडला. कोरडी दारू त्यांच्या कंबरेच्या पिशवीत होतीच.

चाचांचं चुकलं नव्हतं. दारू ओली झाली तर हाच उपाय असतो. नळीत गहू आहेत हे त्यांना कसं कळणार? नळीच्या तोंडासमोर कुणी जायचं नाही हा त्यांचाच हुकूम, त्यामुळं आत डोकावून बघणारं कुणी नव्हतं. म्हणजे मला वेळ होता तो एका पानाएवढा.

मी स्वयंपाकघरात पळाले. आत्याबाई पुरणपोळ्या लाटत होत्या.

“आत्याबाई, बंदुकीत गहू हायेत.”

“कुठले गहू?”

“ओटीचे.”

“ओटी म्होरं ठिवतेत का बंदुकीत घालतेत?”

“तुमीच म्हन्लात, भर. मी भरली.”

त्यांचं लाटणं थांबलं. “सुपारी?”

“फोडून घातली. तशी जाईना.”

“हळकुंड?”

“गेलं.”

“आगं आये! अन् पानी बी घातलंस का काय?”

“पळीभर. पाय धुवायला.”

“बंदुकीचे पाय वर आसतेत व्हय गं, भवाने?”

तव्यावरची पोळी जळायला लागली. आत्याबाईंनी पोळी जळू दिलेली मी ती पहिल्यांदा आणि शेवटची पाहिली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. त्यांनी पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं.

“चल. सांग त्यांना.”

“तुमी सांगा ना. भाया हायेत तिथं.”

“मी त्या टायमाला तिथं नव्हते. किती घातलंस, काय घातलंस ते तुला ठाऊक. मी सांगितलं तर पाटील म्हन्तील मातारी बरळायली. पदर घे खालपतूर अन् चल.”

आम्ही बाहेर आलो तेव्हा सुई आली होती. चाचांचे गाल अजून हलत होते, पण सावकाश. भाया पिशवीचं तोंड सोडत होते. आत्याबाईंनी मला ढकललं ती नेमकी चाचांच्या डाव्या बाजूला. मी पदराआडून सांगितलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. परत सांगितलं. नाहीच. मग त्यांनी माझ्याकडं बघून मान वळवली, उजवा कान पुढं केला.

“जोरानं बोल बेटी.”

मी ओरडले. “नळीत ओटी हाय! गहू, हळकुंड, खारीक अन् सुपारी!”

सगळ्या गावानं ऐकलं. मग जो हशा उठला तो मला आज लिहितानाही ऐकू येतो.

“पाटील, बंदूक गरवार हाय का वो?”

“मग डोहाळे पुरवा की! आंबट मागती का इचारा!”

“म्हनून वाजंना गेली! कितवा म्हैना?”

भाया माझ्याकडं न बघता आत्याबाईंना म्हणाले, “नेवा तिला आत. कुठून आनली ही बया!”

“ती आत जायची न्हाई,” चाचा म्हणाले. ते हसत नव्हते. “मला तिच्याशी काम हाय. पाटील, त्या पिशवीचं तोंड बांधा आधी.”

भायांनी पिशवी बांधली. चाचांनी तोंडातलं पान बाजूला थुंकलं आणि मला प्रश्न विचारायला लागले. गहू किती? कोरडे का भिजलेले? पाणी आधी का नंतर? कधी? हळकुंड बोटाएवढं का मोठं? सुपारीची खांडं किती? गजानं ठासलं का? मी एकेकाचं उत्तर ओरडून दिलं. मूठभर. कोरडे. नंतर. काल दिवस कलायच्या आत. करंगळीएवढं. चार. ठासलं नाही. त्यांनी एकाही उत्तरावर मान हलवली नाही की तोंड वाकडं केलं नाही. सासरी आल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं; सगळे सांगायचेच. या माणसाला माझी उत्तरं हवी होती, तेही नीट.

मग ते भायांना म्हणाले, आणि हे सावकाश बोलले, “रातभर गहू फुगलेत. नळीला बुचासारखा डाट बसलाय. मी सांगितली तशी कोरडी दारू टाकून उडवली आसती तर नळी दस्त्यापाशी फुटली आसती. तुझा हात, तुझं तोंड. मी बी शेजारीच उबा हुतो.”

 लोकांचा हशा थांबला. जे जवळ होते त्यांनी ऐकलं आणि मागच्यांना सांगितलं.

सीमोल्लंघन बंदुकीशिवाय झालं. चाचा गेले नाहीत. त्यांनी घोडा उचलून लाकडाच्या काडीनं चोचीवरची फुटकी टोपी हलकेच काढली, चोचीत पाणी सोडलं आणि घोडा उतरवला. मग उकिरड्यात खड्डा करायला लावून दस्ता त्यात रोवला, नळीचं तोंड वर आणि जरा पलीकडं कललेलं, पडक्या बांधाकडं. बाजूनं हात लांब करून, तोंडावर न वाकता, नळीत तांब्यानं पाणी घातलं. मुरलं की परत घातलं. दारू पाण्यानं मरते, म्हणाले, पण मेली का नाही हे तिला विचारता येत नाही, म्हणून दिवसभर थांबायचं.

दिवसभर ते दहा पावलांवर बसले. उन्हात. कोंबडी आली तरी हाकलायचे, म्हैस आली तर उठायचे. मला तासातासानं पाणी घालायला सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांनी कुणालाच जवळ जाऊ दिलं नाही. भायांनाही नाही. एवढ्या वेळात ते भायांना एकदाही म्हणाले नाहीत की मला नळी दाखवली असती तर.

जेवण मी नेलं. त्या काळी आमच्या घरी त्यांना पत्रावळीवरच वाढत. त्या दिवशी आत्याबाईंनी पितळी ताटात वाढलं, चार पोळ्या, वर तूप. ते ताट परत आल्यावर चुलीत घालून तापवलं आणि मगच मांडणीत ठेवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही लिहिल्या.

दिवस कलला तसं त्यांनी मला परात घेऊन बोलावलं. भाया एका बाजूला उभे. चाचांनी बंदूक आडवी केली, तोंड बांधाकडंच. गजाच्या टोकाला मळसूत्र असतं, बुचात रुतवायच्या तारेसारखं. ते आत घालून, गज नळीच्या बाजूनं धरून, ते फिरवायला लागले. तळहात एकदाही गजाच्या टोकावर ठेवला नाही. पहिल्यांदा गव्हाचा लगदा आला. मग परत लगदा. मग खारीक.

“खारीक आली?”

“आली.”

“हळकुंड?”

ते दोन तुकडे होऊन आलं. मी परातीत जुळवून दाखवलं. मग सुपारी. एक खांड, दुसरं, बऱ्याच वेळानं तिसरं.

“किती म्हन्लीस?”

“चार.”

“तीन हायेत.”

भाया म्हणाले, “चाचा, मोकळीच झाली की आता. ते बी इल छर्ऱ्यांसंगं.”

“तीनवर थांबनारे फौजेत लय हुते,” चाचा म्हणाले. “आता न्हाईत.”

आणि ते फिरवत राहिले. त्यांचं मनगट सुजलं होतं. मला दिसत होतं. घाम हनुवटीवरून टपकायचा. चौथं खांड चिंधीला चिकटून बसलं होतं, ते चिंधीबरोबर आलं. मी ते परातीत ठेवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाठ सरळ केली. “शाबास,” म्हणाले. मला म्हणाले का सुपारीला, ते कळलं नाही.

मग छर्रे आले, खालची चिंधी आली, आणि शेवटी दारूचा काळा चिखल. चाचांनी तो ओंजळीत घेतला. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “बेटी, कडत पानी आन. नळी धुयाची हाय.”

मी निघाले, पण पाय हळू टाकले. मागं त्यांचा आवाज ऐकू आला. बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही.

“किती मापं घातली हुतीस, पोरा?”

भायांनी गज परातीत ठेवल्याचा आवाज आला.

“दुकानदारानं किती सांगितली?”

“येक.”

“अन् तू?”

“दोन. बार मोठा व्हावा म्हनून.”

“ओटी नसती तरी फुटली आसती कदाचित. कुनाला सांगत न्हाई मी. तू बी त्या पोरीला परत काय बोलू नको.”

मला आत पाठवलं ते मी ऐकू नये म्हणून. पाटलाची अब्रू त्यांनी गावात राखली आणि माझीही राखली, एकाच वाक्यात, आणि मग कडत पाण्याची वाट बघत बसले. पुष्कळ शिकलेली माणसं पुढं मी पाहिली. मास्तर, वकील, पुढारी. दुसऱ्याची चूक हातात आली असताना तिचा उपयोग न करणारा माणूस क्वचित पाहिला.

नळी कडत पाण्यानं तीनदा धुतली, फडक्यानं सुकवली, करडईचं तेल ओढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी ती गाडीच्या जुन्या चाकाला आवळून बांधली, एक माप दारू घातली, छर्रे नाहीतच, आणि चापाला कासरा बांधून तो गोठ्याच्या भिंतीमागं आणला. म्हणाले, घाबरलेल्या बंदुकीवर लगेच तोंड ठेवायचं नाही. धोका भिंतीमागं नव्हता, तरी कासरा कोण ओढणार यावर भाया आणि चाचा वाद घालत राहिले. भाया म्हणाले माझी बंदूक. चाचा म्हणाले तुझी बायको पोटुशी हाय, मागं सर.

आत्याबाई घरातून आल्या. त्यांनी चाचांच्या हातातून कासरा काढून घेतला. “वटीला न्हाई चालत मी,” म्हणाल्या, “ह्याला चालन.” आणि कुणी काही म्हणायच्या आत ओढला.

बार असा झाला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. आत्याबाईंनी हातातला कासरा खाली टाकला, “झालं का समाधान?” म्हणाल्या आणि भाकरी करायला गेल्या. चाचांनी चाक बघितलं, नळी बघितली, दस्त्यापाशी बोट फिरवलं. आणखी दोन बार काढले, तसेच बांधून. मग बंदूक भायांच्या हातात दिली. बंदुकीत खोट नव्हती.

ती आमच्याकडं पोलीस ॲक्शनपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस साली भारताची फौज निजामाच्या मुलखात आली तोवर, होती. मग सरकारजमा झाली. तेवढ्या वर्षांत तीन डुकरं मेली. बाकीची आवाजानं पळायची, तेवढं पुरे होतं. ती नंतरही दोनदा वाजली नाही. दोन्ही वेळा भायांनी तोंड बांधाकडं करून एक पान खाल्लं. पान संपल्यावरही आत डोळा घातला नाही. नळीत दारूछर्ऱ्यांशिवाय काही नाही ना, हे घरातल्या प्रत्येकाला विचारून घेतलं, मलाही. मला विचारायचं म्हणजे आत्याबाईंकडून. “तिला इचारा, आत काय घातलं का?” मी आतून म्हणायचे, “न्हाई.” मग पुढचं काम. त्यात चिडवणं नव्हतं. पहिल्या वर्षी मला तसं वाटलं होतं, पण नव्हतं. खंडेनवमीला बंदूक रिकामीच पुजली जायची आणि ओटी तिच्यापुढं ताटात.

मी आता नव्वदीच्या आसपास आहे. नातवंडं विचारतात, फौजेतला माणूस म्हणजे शूर असेल. तो किती शूर होता ते मला माहीत नाही, लढाईत मी पाहिलं नाही. तो उन्हात बसला आणि चौथ्या खांडापर्यंत थांबला, एवढं पाहिलं.

पंधरा दिवसांनी जाऊबाईंना मुलगा झाला. दसऱ्यानंतर भाया अडतीस वर्षं जगले, दोन्ही डोळ्यांनी आणि दोन्ही हातांनी. आत्याबाई एकोणीस वर्षं. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत मुसलमानांवर हल्ले व्हायला लागले तेव्हा भायांनी चाचांना आणून आमच्या घरात ठेवलं. ते त्यातूनही वाचले आणि पुढं चार वर्षांनी आपल्या घरी तापानं वारले. त्या दसऱ्याला उकिरड्याजवळ होतो त्यातली आता मी एकटी राहिले आहे.